दोन जहाजांमधलं पाणी

देहूरोडपासून अरबी समुद्र सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटरवर आहे, पण इथलं पाणी त्याच्याकडे जात नाही. पवना आणि इंद्रायणी सह्याद्रीच्या माथ्याजवळ उगवतात, समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघतात, अखेर भीमेत पोचतात आणि कृष्णेवाटे थेट बंगालच्या उपसागरात जातात. लष्कराचे डेपो, ऑर्डनन्स फॅक्टरी, लोणावळा लोकल, निगडी-चाकणचे कारखाने अशा या पट्ट्यातल्या माणसाला समुद्र म्हणजे अलिबागची किंवा दिवेआगरची सुट्टी. समुद्रावरची अडचण ही आपली अडचण, असं इथं कोणाला वाटत नाही.

तरीही ती आपली आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव या भागात रिक्षांच्या टाक्यांत, घरांच्या शेगड्यांवर आणि कारखान्यांच्या भट्ट्यांत जो नैसर्गिक वायू जळतो, तो महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड पुरवते. हा वायू दहेज-उरण-पनवेल-दाभोळ या गेलच्या वाहिनीजाळ्याशी जोडलेला आहे. त्या जाळ्यात देशातला वायू असतो आणि जहाजांतून आलेला परदेशी वायूही असतो. देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा आयात होतो. उणे 162 अंश सेल्सियसला द्रवरूप केलेला हा वायू तीनशे मीटरच्या आसपास लांबीच्या जहाजांतून येतो आणि कुठे तरी किनाऱ्याजवळ उतरवला जातो. काही ठिकाणी हे जहाज धक्क्याला लागतं, काही ठिकाणी दुसऱ्या जहाजाच्या कुशीला. दुसऱ्या प्रकारात दोन लोखंडी भिंती समोरासमोर उभ्या राहतात, मध्ये चार-साडेचार मीटर व्यासाचे रबरी, हवा भरलेले फेंडर, आणि त्यांच्या आधारानं राखलेली पाण्याची एक लांब, अरुंद फट. हा लेख त्या फटीबद्दल आहे.

बाहेर समुद्र शांत दिसत असताना त्या फटीतलं पाणी बेफाम वर-खाली होऊ शकतं. बाहेर एक मीटरची लाट असेल तर आत तिच्या कितीतरी पट उसळी. हा चमत्कार नाही, आणि वादळाचा परिणामही नाही. दोन तरंगत्या भिंतींमध्ये अडकलेल्या पाण्याला स्वतःचा एक काळ असतो. बाहेरच्या लाटेचा काळ त्याच्याशी जुळला की प्रत्येक लाट मागच्या लाटेच्या कामात भर घालते. भौतिकशास्त्रात याला अनुनाद म्हणतात.

त्या फटीतल्या पाण्याचा काळ किती? उत्तर इतकं सोपं आहे की पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कागदावर स्वतः मांडून पाहिलं. फटीतलं पाणी म्हणजे एक उभा स्तंभ. त्याची उंची जहाज पाण्यात जितकं बुडालं आहे तितकी. हा स्तंभ थोडा वर गेला की गुरुत्वाकर्षण त्याला खाली खेचतं, खाली गेला की बाहेरच्या पाण्याचा दाब त्याला वर ढकलतो. हिशेब मांडला की लंबकाचंच सूत्र हाती येतं. जहाज जितके मीटर बुडालेलं, तितक्या मीटर दोरीचा लंबक जेवढ्या वेळात एक झोका पूर्ण करील, साधारण तेवढ्याच वेळात फटीतलं पाणी एकदा वर-खाली होतं. नऊ मीटर बुडालेल्या जहाजासाठी हा काळ 6 सेकंद, बारा मीटरसाठी 7 सेकंदांच्या जरासा आत. प्रत्यक्षात फटीच्या तळाखालचं थोडं पाणीही स्तंभासोबत हलतं, म्हणून काळ थोडा वाढतो. फट रुंद केली तर ही भर वाढते, पण मुख्य सत्ता बुडीत खोलीचीच.

हे गणित व्यवस्थित मांडण्याचं मोठं श्रेय फ्रान्सच्या बर्नार मोलँ यांना जातं. 2001 साली 'जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्स'मध्ये त्यांनी लिहिलेला निबंध मूळचा मूनपूलबद्दल आहे. तेलविहीर खोदणाऱ्या जहाजाच्या पोटात आरपार चौकोनी भोक असतं, त्यातून खोदाईचा पाइप समुद्रतळाकडे सोडतात, त्या भोकाला मूनपूल म्हणतात. ओएनजीसीच्या 'सागर विजय' आणि 'सागर भूषण' या खोदाई जहाजांनाही तो होता. मूनपूलमध्ये पाणी दट्ट्यासारखं सबंध वर-खाली होतं, किंवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हिंदकळतं. दोन जहाजांमधली फट म्हणजे दोन्ही टोकांना उघडा, खूप लांब मूनपूलच. तिच्यात दट्ट्याच्या चालीबरोबर लांबीवर उमटणाऱ्या लाटाही असतात. मध्यावर पाणी सर्वांत उंच आणि टोकांना कमी, असा पहिला प्रकार. मग तीन उंचवटे, पाच उंचवटे असे पुढचे. प्रत्येकाचा काळ वेगळा, आणि लाट त्यांपैकी कोणालाही जागं करू शकते.

हे वाचून समाधान होईना, म्हणून घरामागच्या सिमेंटच्या हौदात करून पाहिलं. झाकणाचे दोन चौकोनी प्लॅस्टिक डबे घेतले, त्यांत वाळू भरली आणि ते एका आडव्या फळीला शेजारी शेजारी घट्ट बांधले. दोघांमध्ये दोन बोटांची फट ठेवली आणि फळी हौदाच्या काठांवर टेकवली, म्हणजे डबे दहा सेंटिमीटर बुडून स्थिर राहिले. हौदाच्या एका टोकाला पाटी उभी धरून ती मागे-पुढे हलवायची. समोरच्या टोकाला काथ्याचं जाड पायपुसणं तिरकं उभं केलं. लाट भिंतीवर आपटून परत आली की सगळं गढूळ होतं, काथ्या तिला गिळतो. पाटी सावकाश हलवली तेव्हा फटीतलं पाणी बाहेरच्या पाण्याबरोबर निमूट वर-खाली झालं. खूप जलद हलवली तेव्हा लाट पहिल्या डब्यावरच थोपली, फटीत जवळजवळ काहीच पोचलं नाही. या दोन्हींच्या मध्ये, एका सेकंदाला थोड्या कमी अवधीची लय सापडली आणि पाटी मी पूर्वीपेक्षा हळुवारच हलवत असताना फटीतलं पाणी डब्यांच्या झाकणांपर्यंत चढलं, खाली गेलं तेव्हा डब्यांच्या बगला उघड्या पडल्या. पाटी थांबवल्यावर हौदाचं पाणी निवळलं, पण फटीतलं आणखी काही झोके घेत राहिलं.

शेवटची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटली. उसळी निवळायला वेळ लागतो, कारण तिला बाहेर पडायला वाट नाही. मोकळ्या पाण्यातली उसळी लाटा होऊन चहूकडे पांगते. इथं पाण्याचा पृष्ठभाग दोन बोटं रुंद, आणि खाली सबंध बुडीत खोली पार केल्याशिवाय बाहेरच्या पाण्याशी गाठ नाही. ऊर्जा आत येते थोडी थोडी, बाहेर जाते त्याहून थोडी. त्यामुळेच छोट्या, नियमित लाटांच्या रांगेला वेळ मिळाला तर ती वादळाला जमणार नाही ते करते.

याच प्रकारचा, अर्थातच कितीतरी काटेकोर प्रयोग सैतो, मियाओ आणि इशिदा यांनी 2006 साली प्रसिद्ध केला. पार्श्वभूमी होती जपानच्या तरंगत्या विमानतळांच्या कल्पनेची. टोकियोच्या उपसागरात योकोसुकाजवळ 1999-2000 मध्ये 'मेगा-फ्लोट' नावाचा हजार मीटर लांबीचा तरंगता धावपट्टी-नमुना बांधला होता, आणि असे प्रचंड तराफे तुकड्यातुकड्यांनी जोडायचे तर तुकड्यांमधल्या फटींचं काय, हा प्रश्न होता. अर्धा मीटर खोल पाण्याच्या कालव्यात अर्धा मीटर रुंदीच्या दोन पेट्या, मध्ये 3, 5 किंवा 7 सेंटिमीटरची फट. विशिष्ट काळाला फटीतल्या पाण्याची उंची येणाऱ्या लाटेच्या सुमारे पाचपट झाली. हा प्रयोग आता या विषयातला ओनामा आहे. नवा संगणकीय नमुना कोणी लिहिला की आधी या पेट्यांवर तपासून पाहतात.

त्या तपासणीतच एक जुनं दुखणं उघडं पडतं. पाण्याला घर्षण नाही असं धरून केलेलं पारंपरिक गणित अनुनादाचा काळ बरोबर सांगतं, पण उंची वाटेल तशी फुगवतं. प्रत्यक्षात पेटीच्या धारदार कोपऱ्यापाशी पाणी भिंत सोडून भोवरे करतं आणि ते भोवरे ऊर्जा खातात. गणितात ही तूट भरून काढायला एमआयटीच्या जे. एन. न्यूमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी फटीच्या पृष्ठभागावर एक काल्पनिक लवचीक झाकण बसवलं, इतरांनी कृत्रिम रोध घातला. हा रोध किती ठेवायचा, हे मात्र पुन्हा प्रयोगानंच ठरवायचं. म्हणून प्रयोगशाळा हवी. आणि भारतात अशा कामाचं जुनं घर देहूरोडपासून फार दूर नाही.

कात्रज-देहूरोड बाह्यवळण रस्त्यानं वारज्यापर्यंत जायचं आणि सिंहगडाकडे वळायचं. खडकवासल्याच्या धरणाखाली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. 1916 साली मुंबई इलाख्याच्या सिंचन खात्याचा एक छोटा विभाग म्हणून ते सुरू झालं. नद्या-कालव्यांच्या अभ्यासानं इथं नाव कमावलेले सर क्लॉड इंग्लिस पुढे इंग्लंडमधल्या हायड्रॉलिक्स रिसर्च स्टेशनचे पहिले संचालक झाले. म्हणजे या शास्त्रात पुण्यानं इंग्लंडला माणूस दिला, उलट नव्हे. सिंचनापासून सुरू झालेलं हे केंद्र पुढे बंदरांकडे वळलं. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगराच्या पायथ्याशी, छपरांखाली आणि उघड्यावर देशातल्या बंदरांच्या प्रतिकृती सिमेंटमध्ये घडवलेल्या असतात. समुद्रतळाचे चढउतार, धक्के, लाटा अडवणारे बंधारे, सगळं प्रमाणात. यंत्राच्या फळ्या लाटा उठवतात आणि धक्क्याला दोरांनी बांधलेलं प्रतिकृतीतलं जहाज किती डोलतं, दोरांवर किती ताण येतो, हे मोजलं जातं.

अशा प्रतिकृतीत काळाचंही प्रमाण असतं, आणि ते लांबीच्या वर्गमुळानं बदलतं. शंभरास एक प्रमाण घेतलं तर समुद्रावरची 12 सेकंदांची लाट टाकीत 1.2 सेकंदांची होते. लाट छोटी करता येते, गुरुत्वाकर्षण तेच राहतं, पण पाण्याचा चिकटपणा छोटा करता येत नाही. त्यामुळे टाकीत भिंतीलगतच्या पाण्याचं घर्षण प्रमाणाबाहेर मोठं असतं आणि फटीतली उसळी प्रत्यक्षापेक्षा दबलेली दिसू शकते. जहाजाच्या बुडाच्या कडा गोल असतील, म्हणजे भोवरे कमी होत असतील, तर हा फरक आणखी महत्त्वाचा ठरतो. प्रतिकृती सुरक्षित दिसली म्हणून जहाज सुरक्षित, हा निष्कर्ष इथं चालत नाही. या विषयातला कोणताही अहवाल वाचताना हे एक वाक्य डोक्यात पक्कं हवं.

जगात या प्रश्नाकडे पैसा आणि माणसं वळली ती ऑस्ट्रेलियामुळे. ब्रूम शहरापासून 475 किलोमीटरवर, खुल्या समुद्रात शेलचं 'प्रिल्यूड' उभं आहे. 488 मीटर लांब, 74 मीटर रुंद, तरंगता वायू कारखाना. तिथं तयार झालेला द्रव वायू नेणारी जहाजं त्याच्या बाजूला येऊन लागतात. पहिला माल जून 2019 मध्ये रवाना झाला. त्याच्या आधी आणि नंतर वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी चिनी सहकाऱ्यांबरोबर शांघायच्या लाटांच्या टाकीत फटीच्या अनुनादाचा कसून अभ्यास केला. त्यातला एक निष्कर्ष कोकणच्या माणसानं लक्षात ठेवावा असा आहे. समुद्रावरची लांब लाट नुसती आपल्या काळाचीच नसते. तिच्यात तिच्या निम्म्या काळाचा एक लहान अंश दडलेला असतो. 12 सेकंदांची लाट जहाजांवर येते तेव्हा ती 6 सेकंदांची थाप घेऊनच येते, आणि फटीचा काळ नेमका 6-7 सेकंदांचा असतो. हा अंश लाटेच्या उंचीच्या वर्गानं वाढतो, लाट दुप्पट तर थाप चौपट. म्हणजे ज्या लाटेचा काळ फटीच्या काळाशी मुळीच जुळत नाही, तीही फट जागी करू शकते.

आता कोकण. पावसाळ्यात रत्नागिरीच्या समुद्रात मोठ्या लाटांचा काळ साधारण 10 ते 12 सेकंद असतो. त्याचे निम्मे पाच-सहा सेकंद. वायू जहाजांच्या फटीच्या काळाला हे किती खेटून आहे, हे वर मांडलेल्या आकड्यांवरून कळेल. दाभोळच्या वायू टर्मिनलवर 2013 पासून जहाजं येऊ लागली, पण लाटा अडवणारा बंधारा अनेक वर्षं अपुरा राहिला आणि त्या काळात पावसाळ्यात टर्मिनल बंद ठेवावं लागे. दाभोळात जहाज धक्क्याला लागतं, शेजारी दुसरं जहाज नसतं, तरी खुल्या लाटांपुढे बांधलेलं जहाज किती असहाय असतं ते तिथं दिसलं. जयगडच्या बंदरात एप्रिल 2021 मध्ये 'होएग जायंट' हे 1,70,000 घनमीटर क्षमतेचं जहाज येऊन लागलं. द्रव वायू साठवून तिथंच त्याचा वायू करणारं भारतातलं हे असं पहिलंच जहाज. पुढे ते जयगड सोडून गेलं. अशी जहाजं आली की आज ना उद्या कुशीला कूस लावण्याची पाळी येते, आणि भारताला वायू हवा आहे तोवर ती येत राहणार.

या फटीचा काळ मुक्कामभर सारखाही राहत नाही. माल उतरवायला साधारण एक दिवस लागतो. तेवढ्या वेळात एक जहाज हलकं होऊन वर येतं, दुसरं जड होऊन खाली बसतं. बुडीत खोली बदलली की फटीचा काळ बदलतो. सकाळी ज्या लाटेनं काही बिघडलं नाही, तीच लाट रात्री फटीला बरोबर सापडू शकते. वायू जहाजात हा फरक दोन-अडीच मीटरचा. पण मुरगावच्या नांगरावर किंवा मुंबईच्या खाडीत मोठ्या जहाजाच्या बाजूला लागणाऱ्या बार्जचं काय? मांडवी-झुआरीतून लोहखनिज आणणाऱ्या किंवा कोळसा भरून घेणाऱ्या बार्ज रिकाम्या असताना मीटरभर बुडतात, भरल्यावर तीन मीटर. लंबकाच्या हिशेबानं त्या बाजूचा काळ 2 सेकंदांपासून साडेतीन सेकंदांकडे सरकतो. मोठ्या जहाजाची भिंत बरीच खोल असते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा यांच्या मध्ये आणि थोडा वर कुठे तरी पडेल. मुद्दा असा, की माल भरता भरता ती फट लहान लाटांचा सबंध पट्टा पायाखालून घालते.

आणि लहान लाटा कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर रोज येतात. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे. फेब्रुवारी ते मे, आभाळ निरभ्र, समुद्र शांत म्हणून ज्या महिन्यांत बार्जचं काम जोरात असतं, त्या महिन्यांत दुपारी हे वारे जोर धरतात आणि तीन ते सहा सेकंदांच्या आखूड लाटा उठवतात. त्यांची उंची दुपारनंतर चढते, रात्री उतरते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी हा रोजचा चढउतार मोजून मांडला आहे. लाट अर्ध्या-पाऊण मीटरची, कोणी दखल घेणार नाही अशी. पण तिचा काळ अर्धवट भरलेल्या बार्जच्या फटीला मानवणारा. बार्ज जहाजावर आदळणं, फेंडर फुटणं, दोर तुटणं, शिडीवरून चढणाऱ्या खलाशाचा पाय मध्ये सापडणं, या घटनांच्या चौकशीत वारा आणि लाटेची उंची लिहिली जाते. लाटेचा काळ आणि त्या क्षणी बार्ज किती बुडालेली होती, हेही लिहिलं गेलं पाहिजे. तसं होईपर्यंत यांतल्या किती घटना फटीच्या खात्यावर जातात, ते कोणाला सांगता येणार नाही.

उपाय अवघड नाहीत. जहाजांचं तोंड लाटेकडे अशा कोनात ठेवायचं की फटीवर आडवी लाट येऊ नये. मोठ्या जहाजाच्या आडोशाची बाजू निवडायची. फटीचा काळ आधी काढून ठेवायचा, माल चढेल-उतरेल तसा तो पुन्हा काढायचा आणि येणाऱ्या लाटांच्या काळाशी ताडून पाहायचा. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, बुडीत खोलीची खूण जहाजाच्या अंगावरच रंगवलेली असते.

लष्करी अभियंत्यांना तरंगत्या तुकड्यांचा प्रश्न नवा नाही. दापोडीला 1948 पासून असलेल्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये पाण्यावर तराफ्यांचे पूल टाकायचं शिक्षण पिढ्यान् पिढ्या चाललं आहे. नदीत मुख्य शत्रू प्रवाह, लाट नव्हे, त्यामुळे तिथला अनुभव समुद्रावर जसाच्या तसा लागू होत नाही. पण निगडी-आकुर्डीपासून तळेगावपर्यंत अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, चाकणला अचूक मोजमापाची यंत्रं घडवणारे हात आहेत, खडकवासल्याला शंभर वर्षांचा अनुभव आहे. काचेच्या भिंतीचा दहा मीटरचा लाटांचा कालवा एका महाविद्यालयाच्या कार्यशाळेत उभा राहू शकतो. यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला दरवर्षी तेच ते प्रकल्प करणाऱ्या मुलांनी हा विषय घ्यावा, असं मी मनापासून सांगेन.

दुसरी विनंती वर्तमानपत्रांना आणि बंदर खात्याला. हैदराबादची इन्कॉइस संस्था किनाऱ्यासाठी लाटांचा अंदाज देते. त्यात लाटेच्या उंचीबरोबर तिचा काळही असतो. आपल्याकडे छापताना बहुधा उंचीच छापली जाते, साडेतीन मीटर, चार मीटर, आणि वाचणारा तेवढ्यावरून समुद्र चांगला की वाईट ते ठरवतो. मिरकरवाड्याच्या, हर्णैच्या, ससून डॉकच्या फलकावर आणि रोजच्या बातमीत उंचीच्या शेजारी सेकंदांचा आकडाही द्यावा. तो आकडा संस्थेकडे रोज तयारच असतो.